कापसाच्या हंगामात जन्मलेली मुलगी

दसरा आटोपला, की सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या आमच्या जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या राहायला लागतात. ताडपत्रीखाली कापूस फुगून वर आलेला असतो. पहिल्या ट्रॉलीची ताडपत्री ओढली, की एक वास सुटतो. थोडा उन्हाचा, थोडा काळ्या मातीचा, थोडा सरकीतल्या कच्च्या तेलाचा. या धंद्यातल्या माणसाला तो वास आवडतो. यंत्रं सुरू होणार, शिवरात्रीपर्यंत मान वर करायला सवड नाही, अशी एक धांदल त्यात असते. मला मात्र गेली पंधरा वर्षं तो वास नकोसा वाटतो. माझी मुलगी सई अशाच हंगामात जन्मली आणि त्या हंगामात मी कुठे होतो, हे तो वास मला दरवर्षी विचारतो.

यंदा तर पहिली ट्रॉली आत यायच्या आधीच अमोल माझ्या केबिनमध्ये आला. अकोल्याच्या या जिनिंगचा मी मॅनेजर, आणि अमोल आमचा ग्रेडर. शेतकऱ्यानं आणलेल्या ढिगातून मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, धाग्याची लांबी पाहायची, ओल किती, वाळक्या पानाची पत्ती किती, किडक्या बोंडाची पिवळी कवडी किती ते पाहून प्रत ठरवायची, हे ग्रेडरचं काम. हंगामात ग्रेडर नसला तर जिनिंगचं पान हलत नाही.

"साहेब, बायकोले नववा लागला," अमोल म्हणाला. "दिवाळीनंतरची तारीख देल्ली डॉक्टरनं. मले एक महिना सुटी पाह्यजे."

"एक महिना? ऐन हंगामात?" मी म्हणालो. आणि पुढचं वाक्य विचार न करताच तोंडातून निघालं, "तुले काय पाजाचं हाय का?"

अमोल हसला नाही. चिडलाही नाही. "नाई साहेब," तो म्हणाला, "पाजणं सोडून बाकी सारं येते मले."

तो गेल्यावर मी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसलो. ते वाक्य माझं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी, अकोटला, ते मला कुणीतरी म्हटलं होतं.

तेव्हा मी अकोटच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. वंदना, माझी बायको, अमरावतीला एका खासगी शाळेत शिकवायची. राजापेठेच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या, वरच्या मजल्यावर. खाली घरमालक राहायचे. रहीमचाचा गाद्या-रजया भरायचे आणि त्यांच्या बायकोला सगळी गल्ली खाला म्हणायची. आठवडाभर मी अकोटला, शनिवारी संध्याकाळी अंजनगाव, दर्यापूर करत लाल गाडीनं अमरावतीला, आणि सोमवारी सकाळी परत. नवीन लग्नात याचंही एक सुख होतं. शनिवारची वाट पाहायला मिळायची.

वंदनाची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. बाबा होते, अमरावतीतच, पण बाळंतपण बाबांच्या हातचं नसतं, असं सगळ्यांनी आपसूक गृहीत धरलेलं. बाबांनीही. म्हणून तेल्हाऱ्याहून माझी माय येणार, सव्वा महिना राहणार, असं ठरलं.

सई झाली ती ऑपरेशन करून. नर्सनं तिला माझ्या हातात दिलं, तेव्हा मी हात कोपरापर्यंत धुतले होते, तरी नखांच्या कडेला रुईचे तंतू चिकटलेले होते. नर्सनं ते पाहिलं. "जिनमधे हाय का दादा?" तिनं विचारलं आणि कापसाचा एक बोळा ओला करून माझी बोटं पुन्हा पुसली. कापसानंच. सई तीन किलोची होती. तीन किलो कापूस घेतला तर दोन्ही हातांच्या कवेत मावत नाही, आणि ही माझ्या एका कोपरात मावली. वजन या गोष्टीबद्दल मला जे काही कळत होतं, ते त्या दिवशी सगळं चुकलं.

मला चार दिवसांची रजा होती. तिसऱ्या दिवशीच जिनिंगमधून फोन सुरू झाले. मी जिनिंगच्या मालकांना, शेटजींना, म्हणालो, पंधरा दिवस द्या. त्यावर शेटजी ते वाक्य म्हणाले, "तुले काय पाजाचं हाय का?" फोन स्पीकरवर असावा. मागे चार-पाच जण हसलेले ऐकू आले. इकडे दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून मीही हसलो. तेवढ्यापुरता मी त्यांच्यातला झालो.

पाचव्या दिवशी सटवाईची पूजा. सकाळी मी निघालो. वंदना कुशीवर वळता येत नाही म्हणून उताणी पडून होती. "शनिवारी येतो," मी म्हणालो. ती "हो" म्हणाली.

माय सव्वा महिना राहिली. शेक-शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, सगळं तिनं केलं. मी एकदा तिच्याजवळ बोलून पाहिलं, की बापालाही रजा असायला पाहिजे. माय पोरीच्या तेलाची वाटी घेऊन बसली होती. "बाईचं आंग उसवलेलं असते गजू, मनून ते पडून राह्यते. माणसाचं काय उसवते?" तिनं आठ बाळंतपणं पाहिली होती, पाच स्वतःची. तिच्याशी वाद कोण घालणार? पण सव्वा महिन्यानंतर तिलाही थांबता आलं नाही. तेल्हाऱ्याच्या वावरात कापूस फुटून लोंबत होता, वेचायला बाया मिळत नव्हत्या. "फुटेल कापूस कोनासाठी थांबत नाई बाप्पा," असं म्हणून तिनं सईच्या गालाला काजळाचं बोट लावलं आणि ती गाडीत बसली.

मग त्या दोन खोल्यांत वंदना आणि सई.

मी दुपारी जेवणाच्या सुटीत फोन करायचो. अकोटहून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. हंगामात ती हवेतल्या रुईमुळे पुसट होते. त्या रेघेकडे पाहत मी बोलायचो.

"काय करून राहिली?"

"काई नाई."

"पोरगी?"

"झोपली."

"जेवली का तू?"

"जेवतो आता."

इतकंच. तिच्या आवाजात काही होतं असं आज मी म्हणू शकतो. तेव्हा मला वाटायचं, थकली असेल. संध्याकाळी खोलीवर गेलो, की आंघोळ करताना केसांतून रुई निघायची, आणि पलंगावर पडल्यावर कळायचं, की आज दिवसभरात मी शेकडो माणसांशी बोललो, पण त्यात एकही शब्द माझ्या घरचा नव्हता. माझ्या पोरीनं आज काय केलं? हसली? शिंकली? जगात जे एक माणूस नवीन आलं होतं, त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. माझं एकटेपण मला दिसत होतं. तिचं दिसत नव्हतं.

जिनिंगमध्ये सुमन नावाची एक बाई कापूस उलथवायच्या कामाला होती. तिचं पोर निंबाच्या फांदीला साडीच्या झोळीत टांगलेलं असायचं. बाळंतपणानंतर महिन्याभरात ती कामावर आली होती. एकदा मी तिला विचारलं, "सुमनबाई, बापाले बी सुटी भेटली पाह्यजे का?"

ती कमरेवर हात ठेवून हसली. "मलेच नाई भेटली साहेब, अन् बापाचं काय घेऊन बसले? त्याले भेटली तं तो पारावर पत्ते कुटन." मग झोळीला एक झोका देऊन ती जराशानं म्हणाली, "पन भूक लागली का घरी तं येईन तो. आला का पोराकडे पाह्यन तरी."

जानेवारीतला तो रविवार. शनिवारी शेवटच्या ट्रॉल्या उशिरा लागल्या, म्हणून मी रविवारी दुपारी पोचलो. हातात संत्र्यांची पिशवी होती. दार नुसतंच लोटलेलं. सई पाळण्यात रडत होती, खूप वेळ रडून आवाज बसतो तशी. आणि वंदना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. ती पाळण्याकडे पाहत होती.

"वंदना, पोरगी रडून राहिली ना!"

"ऐकू येते मले."

मी पिशवी खाली टाकली आणि सईला उचललं. तिनं अंग ताठ केलं, मान मागे टाकली आणि आणखी जोरात रडायला लागली. तिला माझा वासही ओळखीचा नव्हता. दोन महिन्यांत मी तिला किती दिवस भेटलो होतो? मी खांद्यावर घेतलं, आडवं घेतलं, येरझारा घातल्या. काही जमेना.

वंदना तिथूनच म्हणाली, अगदी शांतपणे, आज भाजी काय आहे ते सांगावं तसं, "ते मले आवडत नाई."

"कोन?"

"ते. पोरगी."

रडणं ऐकून खाला जिना चढून वर आल्या. त्यांनी माझ्या हातून सईला घेतलं, दुसऱ्या हातानं वंदनाला उठवलं आणि दोघींना खाली नेलं. सई खालच्या खोलीत, रहीमचाचांच्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी, पाच मिनिटांत झोपली.

खाला परत वर आल्या. "बेटा, दस-बारा दिन से देख रई मै. ना बराबर खाती, ना बाल बनाती. खिडकी में बैठे रैती. बच्ची कू दूध पिलाती, बस. फिर रख देती. ये बीमारी रैती जच्चा की, मेरी बहन कू हुई थी. तुम चार-छे हप्ते घर पे रुको."

"हंगाम आहे ना खाला," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. समोरचा माणूस खरोखरच हे बोलला का, याचा त्या अंदाज घेत होत्या.

सोमवारी सकाळच्या गाडीनं मी अकोटला गेलो.

हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. पण गेलो. तिथं गेल्यावर मी शेटजींजवळ महिनाभराची रजा मागितली. "सासूले बोलाव," ते म्हणाले. सासू नाही म्हटलं. "मंग मायले बोलाव." माय कापूस वेचते म्हटलं. "मंग झालं तं! ते तिकडं वेचून राहिली, आपुन इकडं घेऊन राहिलो. जो तो आपल्या कामाले." वाईट माणूस नव्हते ते. सईच्या बारशाला त्यांनी आठवणीनं झबलं-टोपडं पाठवलं होतं. त्यांच्या लेखी बाप ही बारशाला लागणारी गोष्ट होती, बाळंतपणाला लागणारी नव्हे.

मी नोकरी सोडू शकलो असतो. ग्रेडरला दुसरीकडे काम मिळतं. पण खरी गोष्ट ही, की शेटजी नाही म्हणाले, तेव्हा मला आतून बरं वाटलं. कापसाच्या ढिगापुढे मला सगळं येत होतं. त्या दोन खोल्यांत मला काही येत नव्हतं. पोरीला घेता येत नव्हतं, बायकोशी काय बोलावं कळत नव्हतं, आणि तिथल्या त्या शांततेची मला भीती बसली होती. रजा नाही, हे कारण मला सापडलं. मी त्याच्या आड उभा राहिलो.

बापाला रजा का हवी, याबद्दल पुष्कळ चांगलं-चांगलं बोललं जातं. बाळाशी नातं जुळतं, आईला आराम मिळतो. खरं आहे ते. मला मात्र वाटतं, रजा हवी ती आमच्यासारख्या पळणाऱ्यांची वाट बंद व्हावी म्हणून. कागदावर सुटी मंजूर असती, तर मी कोणत्या तोंडानं गाडीत बसलो असतो?

बाकीचं माझ्याशिवाय घडलं. खालांनी वंदनाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. औषधं सुरू झाली. आणि वंदनाचे बाबा, ज्यांच्या हातचं बाळंतपण नसतं, ते आपली पिशवी घेऊन राहायला आले. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी दुपटी धुवायचे, वाट्या-चमचे उकळायचे, सईला मांडीवर घेऊन मोठ्यानं पेपर वाचायचे. कुणी शिकवलं म्हटलं, तर म्हणायचे, "शिकवाले होतं कोन? करत गेलो." वंदनाची तीन महिन्यांची रजा संपली तेव्हा ती पुन्हा शाळेत जायला लागली. होळीच्या सुमाराला एका दुपारी फोनवर ती आपणहून म्हणाली, "आज हे मले पाहून हासली." मी अकोटला, रिकाम्या होत आलेल्या गोदामात उभा होतो. तिथं आवाज घुमतो. मी दोनदा "हो का, हो का" म्हणालो आणि ते दोन्ही वेळा मलाच परत ऐकू आलं.

हंगाम संपल्यावर मी पंधरा दिवस घरी राहिलो. सई माझ्याकडे कंडक्टरकडे पाहावं तशी पाहायची. तिचं काही बिघडलं नाही पुढे. आता ती दहावीत आहे, हुशार आहे, माझ्याशी नीट बोलते. काही दुखलं-खुपलं तर आईकडे जाते, काही हवं असेल तर मला मागते. मी अकोटहून शेटजींच्याच अकोल्याच्या जिनिंगमध्ये आलो, मॅनेजर झालो. वंदना अमरावतीच्याच शाळेत कायम झाली. आमचं लग्न अजूनही शनिवार-रविवारचंच आहे. फक्त शनिवारची वाट पाहणं केव्हातरी थांबलं.

अमोल येऊन गेल्यावर मी त्याचा अर्ज वर पाठवला. आता कारभार शेटजींचे चिरंजीव, धाकटे शेट पाहतात. त्यांनी मलाच उलट विचारलं, "काका, आपल्याकडं बायांना बाळंतपणाची रजा कायद्यानं द्यावीच लागते. माणसांनाही तेवढीच द्यायची का? तुमचं मत लिहून पाठवा." कागद आठ दिवस टेबलावर पडून राहिला. रविवारी अमरावतीला गेलो. सई शिकवणीला गेली होती. वंदना पाटावर बसून अंबाडीची भाजी निवडत होती. मी समोर बसलो आणि तिला विचारलं.

"सारखी कशी रायीन?" ती म्हणाली. "टाके तं मले पडले होते." चार-दोन पानं तिनं खुडली. "बाईले जास्तच पाह्यजे. अन् माणसालेबी पाह्यजे. पन तेवढीच देल्ली नाई, तं घेनार नाई कोनी. थोडीशी सुटी लोक मनावर घेत नाईत."

"मी असतो तर काय केलं असतं गं तेव्हा? मला काही येत नव्हतं."

"मले येत होतं का?" तिनं मान वर केली. "काई नसतं केलं तरी चाललं असतं. मले एकटीलेच भेव लागे. तुमी घरी असते, तं तुमालेबी लागलं असतं. दोघायले लागलं असतं, एवढंच."

मी म्हणालो, "शेटजींनी रजा दिली नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं वंदना."

"माहीत हाये मले."

"कसं?"

"त्या सोमवारी तुमी जोडे घालून राहिले होते. मी खाटेवरून पाहत होती. नाडी बांधाची घाई झाली होती तुमाले." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. देठं एका बाजूला, पानं एका बाजूला होत राहिली. पंधरा वर्षं ती हे जवळ बाळगून होती आणि आज विचारलं म्हणून तिनं सांगितलं. मी उठून तिच्याजवळ बसावं असं मला फार वाटलं. मी उठलोही. तेवढ्यात सईच्या सायकलची घंटी वाजली.

अकोल्याला परत आल्यावर मी कागदावर लिहिलं, सारखीच द्यावी. कारणं लिहिली नाहीत. त्याचं वरून अजून काही उत्तर आलेलं नाही. अमोलची महिन्याची रजा मात्र मुळात माझ्याच अधिकारात बसत होती. ती मी मंजूर केली. ग्रेडर कुठून आणायचा, हा प्रश्न होता. तो मी स्वतः सोडवला. सकाळी आठला अंगणात उतरतो, नाकाला रुमाल बांधतो आणि ढिगापुढे उभा राहतो. इतक्या वर्षांनी अंगठे लवकर दुखतात. धाग्याची लांबी बघायला चष्मा वर-खाली करावा लागतो. कापूस उलथवणाऱ्या बाया आपसात हसतात, साहेब खाली उतरले म्हणतात.

काल सकाळी एका ट्रॉलीतला कापूस मला कळेना. वरून कोरडा, आतून हाताला गार लागत होता. अमोलला विचारावं म्हणून फोन लावला. वाजत राहिला, त्यानं उचलला नाही. थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला. एका अंगठ्यानं लिहिलेला असावा. "साहेब, पोरगी हातावर झोपली हाये. हात काढला तं उठते. मंग लावतो."

मी अंगणात उभा होतो. सई माझ्या हातावर अशी केव्हा झोपली होती, ते मी आठवून पाहिलं. तेव्हाची नाही, तर निदान नंतरची एखादी दुपार, एखादा प्रवास. बराच वेळ आठवत राहिलो. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला.

मी अमोलला लिहिलं, "लावू नको."